ते तीन पॉइंट

(पडद्यावर: सेंटर कोर्ट, संध्याकाळ. बेसलाइनजवळचं, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेजवळचं गवत झिजून तपकिरी झालंय.)

शनिवार, १२ जुलै २०२५. विम्बल्डनची महिलांची फायनल अवघ्या ५७ मिनिटांत आटोपली. इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं हरवलं. इथल्या फायनलमध्ये १९११ नंतर असा निकाल लागला नव्हता. हरणारीसाठी पाहणाऱ्याच्याही पोटात कालवावं, अशी ती दुपार होती.

त्यानंतर जगभरच्या टेनिसवेड्यांच्या गप्पा एकाच प्रश्नावर येऊन थांबल्या. उद्या पुरुषांच्या फायनलमध्ये कोण? यानिक सिन्नर की कार्लोस अल्कराझ?

एक तेवीस वर्षांचा, दुसरा बावीसचा. एक इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला, लहानपणी स्कीइंगमध्ये चमकलेला. दुसरा स्पेनच्या मुर्सियाजवळच्या एल पाल्मारचा. जागतिक क्रमवारीत पहिला आणि दुसरा. अशा दोघांची फायनल म्हटल्यावर झोप कुणाला लागणार?

अल्कराझच्या चाहत्यांकडे आकडे तयार होते. सलग २४ सामने जिंकून तो इथवर आला होता. आधीच्या दोन्ही वर्षी, २०२३ आणि २०२४ मध्ये, याच कोर्टवर त्याने नोवाक जोकोविचला फायनलमध्ये हरवलं होतं. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, पाच फायनल खेळला, पाचही जिंकला. सिन्नरविरुद्धचे शेवटचे पाच सामने त्याचे, एकूण हिशेब ८-४. उद्या जिंकला तर सलग तीन विम्बल्डन. व्यावसायिक खेळाडूंना स्पर्धा खुली झाल्यापासून पुरुषांमध्ये हे फक्त चौघांना जमलंय: बोर्ग, सॅम्प्रस, फेडरर आणि जोकोविच.

यावर सिन्नरचे चाहते काय बोलणार? बोलत होते, आणि हिरिरीने. उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला सरळ तीन सेटमध्ये हरवलं होतं. अल्कराझने फायनलपर्यंत पाच सेट गमावले, सिन्नरने फक्त दोन. पण त्या दोन सेटचा विषय निघाला, की हे चाहतेही जरा गप्प होत. चौथ्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोव्हने ते दोन्ही घेतले होते. तिसऱ्यात २-२ असताना दिमित्रोव्हच्या छातीचा स्नायू दुखावला आणि त्याला सामना सोडावा लागला. त्याच सामन्यात पहिल्याच गेममध्ये सिन्नर उजव्या हातावर पडला होता. तेव्हापासून त्या कोपराची काळजी सगळ्यांना लागून राहिली होती.

तरीही गप्पांमधली खरी दुखरी जागा कोपर नव्हती. कुठूनही सुरुवात करा, बोलणं पॅरिसलाच जाऊन पोचायचं.

(पडद्यावर: लाल माती. बॉलचे ठसे.)

८ जून. फ्रेंच ओपनची फायनल. सिन्नर दोन सेटला एक असा पुढे, चौथ्या सेटमध्ये ५-३. सर्व्हिस अल्कराझची, आणि स्कोअर ०-४०. तीन चॅम्पियनशिप पॉइंट. तीनपैकी एक जिंकला असता, तर विजेतेपद सिन्नरचं होतं. तीनही गेले. पुढच्याच गेममध्ये सिन्नरने सर्व्हिसही गमावली. सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये गेला, मग पाचवा सेट, तोही टायब्रेकमध्ये, आणि तिथे अल्कराझ १०-२. पाच तास २९ मिनिटं. फ्रेंच ओपनच्या इतिहासातली सर्वांत लांबलेली फायनल.

त्या सामन्यात सिन्नरने १९३ पॉइंट जिंकले, अल्कराझने १९२. जास्त पॉइंट जिंकणारा हरला. फुटबॉलमध्ये जास्त गोल करणारा हरत नाही, क्रिकेटमध्ये जास्त धावांचा संघ सहसा जिंकतोच. टेनिसमध्ये मात्र पॉइंटची बेरीजच होत नाही. कुठला पॉइंट कधी आला, यावर सगळं ठरतं. पाच आठवडे चाहते ते तीन पॉइंट पुन्हा पुन्हा चघळत होते, त्याचं कारण हेच. हातातोंडाशी आलेला घास असा निसटल्यावर माणूस ३५ दिवसांत सावरतो का? हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून तर त्यावर इतकं पोटतिडकीने बोललं गेलं.

मला मात्र वाटतं, मनाच्या गोष्टीत रमताना बऱ्याच जणांचं पायाखालच्या गवताकडे दुर्लक्ष झालं. लाल मातीत बॉल मंदावतो आणि उंच उसळतो. अल्कराझचा टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरकी दिलेला फटका, तिथे खांद्यापर्यंत चढतो, शिवाय धावून बॉल गाठायला त्याला वेळ मिळतो. विम्बल्डनचं गवत आठ मिलिमीटरवर कापलेलं असतं. त्यावरून बॉल खाली सरपटत येतो. सिन्नर बॉल लवकर घेतो, सपाट आणि जोरात मारतो, म्हणजे समोरच्याचा वेळच खातो. त्यात दुसऱ्या रविवारपर्यंत बेसलाइनवरचं गवत निघून गेलेलं असतं. खालची जमीन कडक, उसळी जरा भरवशाची. आणि कडक कोर्ट, म्हणजे हार्ड कोर्ट, हे सिन्नरचं घरच. तोवरची त्याची तीनही ग्रँड स्लॅम तिथलीच. गवतावर हे दोघे त्याआधी एकदाच भेटले होते, २०२२ मध्ये, याच स्पर्धेत. चार सेटमध्ये सिन्नर जिंकला होता. पॅरिसच्या धक्क्यापुढे ही आठवण मागे पडली होती.

(पडद्यावर: रविवार, १३ जुलै. खचाखच भरलेलं सेंटर कोर्ट.)

पहिल्या सेटमध्ये सिन्नर ४-२ असा पुढे होता. अल्कराझने सलग चार गेम घेतले, ६-४. झालं, पुन्हा तेच, असं कितीतरी जणांच्या मनात आलं असेल. पण दुसरा सेट सिन्नरचा, ६-४. तिसराही ६-४.

चौथ्या सेटमध्ये ४-३ अशी आघाडी, सर्व्हिस सिन्नरची, आणि स्कोअर १५-४०.

पॅरिसच्या ०-४० ची ही जणू उलटी बाजू. तिथे तो एका पॉइंटवर विजेता होता, इथे एका पॉइंटवर सेट बरोबरीत. अल्कराझने हा गेम घेतला असता, तर सामना पाचव्या सेटकडे झुकला असता, आणि अल्कराझला पाचव्या सेटमध्ये गाठायची कुणाची इच्छा नसते. आदल्या संध्याकाळी ज्या प्रश्नावर एवढा खल झाला, तो आता बॉल हातात घेऊन बेसलाइनवर उभा होता.

पहिला ब्रेक पॉइंट, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम हिसकावण्याची अल्कराझची पहिली संधी, सिन्नरने वाचवला. दुसराही वाचवला. गेम घेतला, ५-३. आणि ५-४ वर सर्व्हिस करून सामना संपवला. तीन तास चार मिनिटं. एकेरीत विम्बल्डन जिंकणारा तो पहिला इटालियन.

त्याने दोन्ही हात डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवर ठेवले. नेटपाशी जाऊन अल्कराझला मिठी मारली. मग परत येऊन तो गवतावर उकिडवा बसला, मान खाली घातली, आणि उजव्या हाताचा तळवा, त्याच दुखऱ्या कोपराच्या हाताचा, जमिनीवर आपटत राहिला.