जीव घाबरा होतो तेव्हा

(दृश्य : सकाळचा बालाघाट, वळणावरून उतरणारी लाल एसटी)

अंबाजोगाई मागं पडली आणि परळी जवळ आली की गाडी उताराला लागते. याच रस्त्यावर, लातूरहून गंगाखेडला घरी येताना, मला पहिला झटका आला. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. गाडीत विशेष काहीच घडलं नव्हतं. खिडकीतून गार वारा येत होता, शेजारचे काका भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, अंगाला दरदरून घाम, आणि दम काही पुरेना. आपण आता इथंच मरणार, याची मला जेवढी खात्री होती तेवढी बारावी पास होण्याचीही नव्हती.

काकांनी गाडी थांबवायला लावली. एकानं पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला. एका बाईंनी तोंडावर पाणी मारलं. मागून कुणीतरी म्हणालं, 'गॅस असंल, ओवा द्या.' परळी येईपर्यंत मी बरा झालो होतो. दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला निघाला. 'काही झालेलं नाही, घरी जा.' मग ते होतं काय, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

(दृश्य : लातूर, रात्रीचे अकरा, क्लासेसचा रस्ता, खोल्यांमधले दिवे)

आपल्याकडं याला नावं पुष्कळ. जीव घाबरा झाला, बीपी वाढलं, धसका बसला, बाहेरचं लागलं. यातल्या 'धसका' या शब्दाचं वजन किल्लारीच्या पट्ट्यात वेगळंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथली माणसं कित्येक महिने छपराखाली झोपायला धजत नव्हती. डॉक्टर मात्र 'पॅनिक अटॅक' म्हणतात. हा झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. म्हणूनच त्या वेळी हातात जे असेल, त्याला गुण आल्याचं श्रेय मिळतं. माझ्या बाबतीत ते कांद्याला मिळालं.

(दृश्य : छातीवर ठेवलेला हात, श्वासाची हालचाल)

आत काय चालतं ते बघा. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, रक्तात अॅड्रिनालिन उतरतं, हृदय पळायला लागतं आणि श्वास भराभर होतो. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय. खरं तर आपण गरजेपेक्षा जास्त हवा ओढत असतो. त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांच्या मुंग्या, बधिर ओठ, गरगरणं हे सगळं त्यातूनच येतं, आणि ते बघून माणूस आणखी घाबरतो. म्हणजे भोवतीची मंडळी जे ओरडून सांगतात, 'मोठ्ठा श्वास घे, अजून मोठा', ते नेमकं उलटं पडतं. श्वास घ्यायचा नाही, सोडायचा आहे. चार आकडे मोजत नाकानं आत, सहा-सात मोजत सावकाश बाहेर.

तोंडावर पाणी मारणाऱ्या बाईंना मात्र मी आजही मानतो. चेहऱ्याला, विशेषतः डोळ्या-नाकाभोवती, गार पाणी लागलं की हृदयाची गती खाली येते. पाण्यात बुडी मारताना शरीर हेच करतं. कांद्याच्या उग्र वासानं फार तर लक्ष दुसरीकडं जातं. ओवा पोटासाठी चांगला.

(दृश्य : गंगाखेड, गोदावरीचा घाट, संध्याकाळ)

जनाबाईचं हे गाव. घरी आल्यावर आजीनं आधी मीठ-मोहरीनं माझी दृष्ट काढली. तिच्या मते हे लातूरच्या मुलांची नजर लागल्याचं काम होतं. मग मला देवळात हरिपाठाला नेऊन बसवलं. मला यातलं काहीच पटत नव्हतं. पण पंधरा दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली, की ओळ म्हणताना श्वास लांब सुटतो आणि ओळ संपल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं होतं. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय सुधारली. तो अभ्यास झटक्याच्या रुग्णांवरचा नव्हता, निरोगी माणसांवरचा होता, हेही सांगायला हवं. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांना मोजायला मात्र कुणी आलं नाही.

(दृश्य : आयुर्वेदिक औषधांचं दुकान, बरण्या)

आता आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा. मी तीन महिने दुधातून घेतली. ताणतणावावर तिचे लहान-लहान अभ्यास झालेत, काही आठवडे घेतल्यावर थोडा फरक पडल्याचं त्यांत दिसतं. पण झटका आल्यावर चमचाभर चूर्ण तोंडात टाकून उपयोग नाही, ती त्या दहा मिनिटांची वस्तू नव्हे. शिवाय झाडपाल्याचं आहे म्हणून अपाय नाही, हा आपला लाडका समज इथं चालत नाही. क्वचित कुणाच्या यकृताला तिचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदर बाईनं ती घेऊ नये. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

माझा खरा फरक पडला तो चहा तोडल्यावर. अभ्यासाला जागायचं म्हणून रात्री पाच-पाच कप व्हायचे, गोड, कडक. कॅफिननं धडधड वाढते, झोप उडते, आणि जागरण झालं की दुसऱ्या दिवशी झटक्याला आयतं दार उघडं. तंबाखू मळून 'जरा बरं वाटतं' म्हणणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही निकोटिन वाढवतच असतं. पण चहा सोड म्हटलं की मराठवाड्यात पाहुणचाराचाच प्रश्न उभा राहतो. मी आता अर्धा कप घेतो, बाकीचा अर्धा यजमान आग्रहानं ओततात.

(दृश्य : जिल्हा रुग्णालयाबाहेरची रांग)

पहिल्यांदा छातीत दुखलं, तर 'टेन्शन असंल' म्हणून घरी बसू नका. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या. झटके परत-परत यायला लागले, माणूस एसटीत बसायलाच भ्यायला लागला, तर नुसत्या श्वासानं भागत नाही. मीही शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. समुपदेशन आणि काही महिने गोळ्या. सरकारचे प्रादेशिक मनोरुग्णालय पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्यापासून सगळीच लांब. पण झटक्यासाठी तिथं जावं लागत नाही, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबरही आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

(दृश्य : देऊळ, टाळांचा आवाज, आजी)

मागच्या एकादशीला मी मोबाइलवर वेळ लावून आजीचे श्वास मोजले. मिनिटाला सात भरले. तिनं डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

'काय मोजलालास रं? टाळ घे हातात.'