अटलांटाचे मेयर आणि त्यांचा एअरपोर्ट

मंडळी, आपल्याकडून अमेरिकेच्या दक्षिण भागात कुणी गेलं की बरेचदा अटलांटाला विमान बदलावं लागतं. वर्षाला दहा कोटींच्या वर माणसं त्या एअरपोर्टवरून जातात, जगातला सगळ्यात गर्दीचा एअरपोर्ट म्हणून तो ओळखला जातो. त्याचं नाव हार्ट्सफिल्ड-जॅक्सन. ही दोन माणसं कोण हे सहसा कुणी विचारत नाही. दोघंही अटलांटाचे मेयर होते, पहिला गोरा आणि दुसरा कृष्णवर्णीय, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत हे शहर कसं पोचलं ते मला आज सांगायचंय. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की मताचा हक्क मिळाला, पुढे खुर्चीही मिळाली, तरी शहराच्या कामांचा पैसा कुणाकडे जातो हे बदलत नाही तोवर सत्ता खऱ्या अर्थाने हातात आलेली नसते. अटलांटाच्या मेयरांच्या इतिहासात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी एक गोष्ट. आपल्या मुंबई-पुण्याचा महापौर डोळ्यासमोर आणू नका. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडतात, मुदत अडीच वर्षांची, आणि फायलींवर सही करणारा खरा माणूस म्हणजे आयुक्त, जो राज्य सरकार पाठवतं. अटलांटात मेयर लोक थेट निवडून देतात, चार वर्षांसाठी, आणि पोलीस, पाणी, कचरा, एअरपोर्ट, सगळी खाती त्याच्या हाताखाली. म्हणजे आपला महापौर आणि आयुक्त एकाच माणसात. त्यामुळे तिथली मेयरची निवडणूक ही सरळसरळ सत्तेची निवडणूक असते.

शहर तसं नवंच. रेल्वेचा शेवटचा थांबा म्हणून १८३७ च्या सुमाराला वस्ती सुरू झाली, नावच टर्मिनस होतं. १८४८ मध्ये पहिला मेयर झाला, मोझेस फॉर्मवॉल्ट, पत्र्याचं काम करणारा कारागीर. यादवी युद्धात मेयर जेम्स कॅल्हूनने २ सप्टेंबर १८६४ ला शहर उत्तरेच्या फौजांच्या ताब्यात दिलं. जनरल शर्मनने लोकांना शहर सोडायला सांगितलं तेव्हा या मेयरने विनवणीचं पत्र लिहिलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, गरोदर बायकांना कुठे पाठवायचं म्हणून, आणि शर्मनने नकार दिला. नोव्हेंबरमध्ये शहराचा मोठा भाग जाळला गेला. चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, जॉर्जिया राज्याची राजधानी मिलेजव्हिलवरून अटलांटाला आली.

गुलामी संपली होती, कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं होतं, आणि १८७० मध्ये अटलांटाच्या सिटी कौन्सिलमध्ये दोन कृष्णवर्णीय सदस्य निवडूनही आले, विल्यम फिंच आणि जॉर्ज ग्रॅहम. आपल्या जोतीराव फुल्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना आपला ग्रंथ अर्पण केला तो १८७३ मध्ये, म्हणजे नेमका याच आशेच्या काळात. पण त्यानंतर जे झालं ते फार वाईट झालं. पोल टॅक्स आला, म्हणजे मत द्यायचं तर आधी कर भरा, आणि सगळ्यात जालीम उपाय म्हणजे व्हाइट प्रायमरी. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कुणी निवडूनच येत नसे, मग पक्षाची अंतर्गत निवडणूक फक्त गोऱ्यांसाठी ठेवली की झालं काम, नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत कृष्णवर्णीयाने मत दिलं काय नि नाही दिलं काय. १८७० नंतर अटलांटाच्या कौन्सिलमध्ये पुढचा कृष्णवर्णीय सदस्य निवडून आला तो १९६५ मध्ये. पंच्याण्णव वर्षं!

पण या अंधाऱ्या काळातही एक फट होती आणि ती त्यांनी कशी वापरली ते बघण्यासारखं आहे. शहराला कर्जरोखे काढायचे असले की सार्वमत घ्यावं लागे, आणि ते पक्षाची प्रायमरी नसल्यामुळे त्यात कृष्णवर्णीय मतदार भाग घेऊ शकत होते. १९१९ मध्ये त्यांनी एकजुटीने शाळांसाठीचे रोखे पाडले, कारण आमच्या मुलांना त्यातलं काहीच मिळणार नाही. १९२१ मध्ये शहराने कबूल केलं की तुमच्यासाठी हायस्कूल बांधू, तेव्हा रोखे मंजूर झाले, आणि १९२४ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल उघडलं, अटलांटातलं कृष्णवर्णीय मुलांचं पहिलं सरकारी हायस्कूल. पुढे मार्टिन ल्यूथर किंग याच शाळेत शिकले. मतांची मोजदाद करून सौदा करायची अटलांटाची सवय इथून लागली असं मला वाटतं.

१९४६ मध्ये कोर्टाने जॉर्जियातली व्हाइट प्रायमरी मोडीत काढली. लगेच वकील ए. टी. वॉल्डन आणि रेल्वे टपाल खात्यातले जॉन वेस्ली डॉब्स वगैरे मंडळींनी नावनोंदणीची मोहीम उघडली. घरोघर, चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात. काही आठवड्यांत नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार साधारण सात हजारांवरून वीस हजारांच्या पुढे गेले. हे डॉब्स लक्षात ठेवा, त्यांच्या सहाच्या सहा मुली स्पेलमन कॉलेजातून ग्रॅज्युएट झाल्या, आणि त्यातल्या एकीचा मुलगा आपल्या कथेत पुढे येतो.

तेव्हाचा मेयर विल्यम हार्ट्सफिल्ड. १९३७ पासून, मधली एक-दीड वर्षं सोडली तर, १९६२ पर्यंत हाच माणूस. विमानांचं त्याला वेड होतं, १९२५ मध्ये तो नगरसेवक असताना एका बंद पडलेल्या मोटार-शर्यतीच्या ट्रॅकची जागा शहराने एअरपोर्टसाठी भाड्याने घेतली ती त्याच्याच खटपटीने. सुरुवातीला तो काही समतावादी वगैरे नव्हता, त्या काळातल्या बहुतेक गोऱ्या पुढाऱ्यांसारखाच होता. पण त्याला आकडे कळायचे. वीस हजार मतं दिसल्यावर १९४८ मध्ये शहराने पहिले आठ कृष्णवर्णीय पोलीस भरती केले. त्यांना गोऱ्या माणसाला अटक करायची परवानगी नव्हती, पोलीस मुख्यालयात जागा नव्हती, बटलर स्ट्रीटच्या वायएमसीएमध्ये ते युनिफॉर्म चढवायचे. अपमानच तो. तरीसुद्धा त्या वस्तीतल्या लोकांनी ते आठ पोलीस रस्त्याने चालताना बघितले तेव्हा मताने काय होऊ शकतं ते त्यांना डोळ्यांनी दिसलं.

हार्ट्सफिल्डची युती अशी होती की वर बँकवाले, कोकाकोलावाले, मोठे व्यापारी आणि बरोबर कृष्णवर्णीय मतदार, मधला कष्टकरी गोरा वर्ग विरोधात. द्वेष करायला सवड नसलेलं शहर, अशी जाहिरात त्याने केली. ३० ऑगस्ट १९६१ ला नऊ कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या हायस्कुलांमध्ये शांतपणे दाखल झाली, लिटल रॉक शहरात अशाच शाळाप्रवेशावरून झाला तसा दंगा झाला नाही. त्याच दिवशी म्हातारे डॉब्स वारले.

त्यानंतर आयव्हन ॲलन. स्टेशनरी-फर्निचरच्या धंद्यातला श्रीमंत माणूस, चेंबर ऑफ कॉमर्सचा अध्यक्ष. १९६१ च्या निवडणुकीत त्याच्यासमोर होता लेस्टर मॅडॉक्स, उघड वर्णद्वेषी. बहुसंख्य गोऱ्यांनी मॅडॉक्सला मत दिलं आणि ॲलन निवडून आला तो कृष्णवर्णीय मतांवर. पहिल्याच दिवशी त्याने सिटी हॉलमधल्या गोऱ्यांसाठी-काळ्यांसाठी अशा पाट्या काढायला लावल्या. आणि १९६२ च्या शेवटी त्याने अशी चूक केली की आजही ती वाचून वाईट वाटतं. पेटन रोडवर, गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबं घरं घ्यायला लागली म्हणून चक्क रस्त्यावर आडवे अडथळे बांधले. लोक त्याला अटलांटाची भिंत म्हणाले. कोर्टाने १९६३ च्या मार्चमध्ये ते काढायला लावलं. मग चारच महिन्यांनी हाच ॲलन वॉशिंग्टनला गेला आणि सिनेटच्या समितीसमोर नागरी हक्कांच्या कायद्याच्या बाजूने बोलला, दक्षिणेतल्या निवडून आलेल्या बड्या पुढाऱ्यांपैकी तो एकटाच. आपलं राजकारण संपलं असं त्याला वाटत होतं. पण १९६५ मध्ये तो परत निवडून आला. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंगच्या पत्नी कोरेटा यांना एअरपोर्टवर घेऊन जाणारा आणि तिथे त्यांना पती गेल्याचं सांगणारा माणूस हाच मेयर होता.

१९६९ मध्ये सॅम मॅसेल आला, शहराचा पहिला ज्यू मेयर, आणि यावेळी व्यापाऱ्यांचा उमेदवार वेगळा होता. म्हणजे कृष्णवर्णीय मतदारांनी बड्या लोकांची परवानगी न घेता मेयर निवडला. त्याच निवडणुकीत व्हाइस मेयर झाला मेनार्ड जॅक्सन, डॉब्सचा नातू. चौदाव्या वर्षी मोरहाउस कॉलेजात गेलेला, अठराव्या वर्षी ग्रॅज्युएट. त्या कॉलेजचे अध्यक्ष होते डॉ. बेंजामिन मेज, आणि हे मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, अहिंसेबद्दल आणि अस्पृश्यतेबद्दल त्यांच्याशी तास-दीड तास बोलून गेले होते. किंग त्यांचे विद्यार्थी, जॅक्सनही त्यांच्याच कॉलेजचा. विदर्भातल्या आपल्या मंडळींनी हा धागा जरूर लक्षात ठेवावा.

१९७३. शहरात कृष्णवर्णीय लोकसंख्या निम्म्याच्या थोडी वर गेलेली. मॅसेलने प्रचारात घोषणा आणली की अटलांटा इतक्यात मरायला फार तरुण आहे, अर्थ सगळ्यांना कळला, कृष्णवर्णीय मेयर आला तर शहर मरेल. जॅक्सन साठ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून आला, वय ३५, दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या शहराचा पहिला कृष्णवर्णीय मेयर. शपथविधीला गायल्या त्याच्या मावशी मॅटिविल्डा डॉब्स, जागतिक कीर्तीच्या ऑपेरा गायिका, ज्या गोरे-काळे वेगळे बसवलेल्या हॉलमध्ये गायला कायम नकार देत आल्या होत्या.

आणि आता एअरपोर्ट. नवीन टर्मिनल बांधायचं होतं, सुमारे ५० कोटी डॉलरचं काम. जॅक्सन आला तेव्हा शहराच्या कॉन्ट्रॅक्टमधला एक टक्कासुद्धा कृष्णवर्णीयांच्या कंपन्यांना मिळत नव्हता, ज्या शहरात ते निम्मे होते तिथे! जॅक्सनने सांगितलं की एअरपोर्टच्या कामात २० ते २५ टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळालाच पाहिजे, मोठ्या गोऱ्या कंपन्यांनी त्यांना भागीदार करून घ्यावं. केवढा गदारोळ झाला! दर्जा घसरेल, खर्च वाढेल, धंदे शहर सोडून जातील, वर्तमानपत्रांतून रोज हेच. हे युक्तिवाद आपल्याला अगदी ओळखीचे आहेत, नाही का, आरक्षणाच्या प्रत्येक चर्चेत आपण ते ऐकत आलोय. जॅक्सन म्हणाला, धावपट्ट्यांवर गवत उगवलं तरी चालेल पण मी मागे हटणार नाही. बँकांनाही बजावलं की संचालक मंडळावर कृष्णवर्णीय आणि स्त्रिया घ्या, नाहीतर शहराच्या ठेवी दुसरीकडे जातील. पाच वर्षांत शहराच्या कॉन्ट्रॅक्टमधला तो वाटा एक टक्क्याच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेला. आणि टर्मिनल सप्टेंबर १९८० मध्ये उघडलं, वेळेच्या आत आणि बजेटच्याही आत. दर्जा घसरेल म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर काय असणार.

पण जॅक्सनला देव करायला मी तयार नाही. १९७० मध्ये सफाई कामगारांचा संप झाला तेव्हा व्हाइस मेयर असलेला जॅक्सन कामगारांच्या बाजूने उभा होता. १९७७ मध्ये त्याच कामगारांनी, बहुतेक कृष्णवर्णीय आणि अगदी तुटपुंज्या पगारावरचे, पगारवाढीसाठी संप केला आणि मेयर जॅक्सनने नऊशेच्या वर लोकांना कामावरून काढलं. किंग मेम्फिसला गेले होते ते सफाई कामगारांच्याच संपासाठी, हे विसरून कसं चालेल? मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील मेयरच्या बाजूने उभे राहिले. कॉन्ट्रॅक्टचा वाटा कंपनी काढणाऱ्याला मिळाला, झाडू मारणाऱ्याला नाही, आणि हा प्रश्न त्या शहराला आजही सुटलेला नाही. १९७९ ते ८१ मध्ये गरीब वस्त्यांतली दोन डझनांहून जास्त मुलं-तरुण मारले गेले, तेव्हाही आयांचं म्हणणं हेच होतं की आमचं ऐकायला सिटी हॉलने उशीर केला.

पुढचे मेयर भरभर सांगतो. अँड्र्यू यंग, किंगचे सहकारी, अमेरिकेचे युनोमधले राजदूत राहिलेले, १९८२ ते ९०, त्यांनी परदेशी गुंतवणूक आणली आणि ऑलिंपिकसाठी जीव तोडून प्रयत्न केले. १९९० मध्ये जॅक्सन परत मेयर झाला आणि त्याच वर्षी १९९६ चं ऑलिंपिक अटलांटाला मिळालं. दरम्यान १९८९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रिचमंड शहराची अशीच वाट्याची योजना रद्द केली आणि मागोमाग जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने अटलांटाची. मग भेदभाव झाल्याचा पुरावा गोळा करून नव्याने योजना मांडावी लागली. बिल कॅम्पबेलच्या काळात कारभार घसरला, त्याला पुढे २००६ मध्ये करचुकवेगिरीत शिक्षा झाली, लाचखोरीच्या आरोपांतून मात्र तो सुटला. मग शर्ली फ्रँकलिन, २००२ ते २०१०, शहराच्या पहिल्या महिला मेयर. यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तिजोरीत खड्डा, गटारं शंभर वर्षं जुनी, पाऊस पडला की मैला नदीत, कोर्टाची मुदत डोक्यावर. त्यांनी पाणीपट्टी वाढवायचा नावडता निर्णय घेतला आणि अब्जावधी डॉलरचं गटारांचं काम अंगावर घेतलं. गटारांसाठी कुणी फोटो काढत नाही, तरी २००५ ला त्या नव्वद टक्के मतं घेऊन परत आल्या.

२००३ मध्ये जॅक्सन गेला. एअरपोर्टला १९७१ पासून हार्ट्सफिल्डचं नाव होतं. ते बदलून फक्त जॅक्सनचं द्यावं असं एका बाजूचं म्हणणं, हार्ट्सफिल्डचं नाव पुसू नका असं दुसऱ्या बाजूचं, कौन्सिलमध्ये आणि वर्तमानपत्रांत बरेच दिवस कडाक्याचे वाद झाले, शेवटी दोघांची नावं राहिली.

१९७४ पासून आजपर्यंत अटलांटाचा प्रत्येक मेयर कृष्णवर्णीय आहे. पण २००९ मध्ये कासिम रीड मेरी नॉरवूड या गोऱ्या उमेदवाराविरुद्ध सातशेच्या थोड्या वर मतांनी जिंकला, २०१७ मध्ये किशा लान्स बॉटम्स त्याच बाईंविरुद्ध हजाराच्या आत मतांनी. घरभाडी वाढली, जुन्या वस्त्यांतली कृष्णवर्णीय कुटुंबं उपनगरांत गेली, आणि २०२० च्या जनगणनेत शहरातलं त्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. २०२२ पासून मेयर असलेले आंद्रे डिकन्स परवडणाऱ्या घरांवर जोर देतायत तो त्यामुळेच. ज्या मतदारांनी १९४६ मध्ये रांगा लावून नावं नोंदवली, त्यांची कितीतरी नातवंडं आता त्या शहराची मतदारच राहिलेली नाहीत, कारण शहराच्या हद्दीत घर परवडत नाही. एअरपोर्टच्या कॉन्ट्रॅक्टवर जेवढं भांडण झालं तेवढं भांडण आता घरांच्या जमिनीवर होतंय, आणि पुढचे मेयर त्याच्यावरच ठरतील असं मला दिसतंय.