लाखभर धावलेल्या मोटरसायकलचे ऑइल

(ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आत येताना खाली उभ्या असलेल्या मोटरसायकली मी पाहिल्या. निम्म्या गाड्यांच्या हँडलला लडाखहून आणलेल्या रंगीत पताका आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचा काटा 80,000 च्या पुढे गेलेला असणार. माझ्या स्वतःच्या गाडीने गेल्या पावसाळ्यात 1,10,000 ओलांडले. एवढ्या रनिंगच्या गाडीत कोणते ऑइल टाकावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो विचारणाऱ्याला मी उलट विचारतो की मागच्या वेळी बदलताना जुने ऑइल किती निघाले. त्याचे उत्तर फार थोड्यांपाशी असते, आणि जुन्या इंजिनाची खरी मेख तिथेच आहे.

माझी उमेदीची वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारी यंत्रे, सांभाळण्यात गेली. कॉम्प्रेसर कुठे जात नाही, त्यामुळे त्याचे ऑइल तासांवर बदलतात. मोटरसायकलला मात्र आपण किलोमीटर लावतो आणि तिथेच फसतो. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंतच्या घोडबंदर रस्त्यावर रोज ताशी 15 च्या सरासरीने रखडणाऱ्या गाडीचे 3,000 किलोमीटर म्हणजे इंजिनाचे 200 तास होतात, आणि तेवढेच किलोमीटर नाशिक महामार्गावर ताशी 60 च्या सरासरीने कापले तर ते अवघे 50 तास भरतात. एअर कूल्ड, म्हणजे वाऱ्याने थंड होणाऱ्या, इंजिनाला सिग्नलवर वारा मिळत नाही, म्हणून त्या 200 तासांतले कित्येक तास तर ऑइल अक्षरशः शिजत असते. तेव्हा शनिवार-रविवारी माळशेज आणि सोमवार ते शुक्रवार माजिवड्याचा पूल असे दुहेरी आयुष्य जगणाऱ्या गाडीला पुस्तिकेतला आकडा जास्तीत जास्त मर्यादा म्हणून धरावा आणि ऑइल त्याच्या बरेच आधी बदलावे, असे माझे मत आहे.

आता पातळीकडे वळतो. समजा इंजिनात 2 लिटर ऑइल मावते आणि गाडी दर 1,000 किलोमीटरला 150 मिलिलिटर खाते. हे प्रमाण जुन्या इंजिनाला लाज आणणारे नाही. पण ठाण्याहून लेहला जाऊन यायचे तर 5,000 किलोमीटर सहज होतात, आणि वाटेत कोणी झाकण उघडले नाही तर परतताना आत सव्वा लिटरच उरते. एअर कूल्ड इंजिनात ऑइल हे वंगण असतेच, शिवाय उष्णता वाहून नेण्याचे कामही बऱ्याच अंशी तेच करते. थोड्या ऑइलवर तेवढीच उष्णता आणि तेवढीच काजळी पडली की ते लवकर थकते, आणि उभ्या चढावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येऊ शकते. त्या वेळी पहिला फटका व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला आणि पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या बिग एंडच्या बेअरिंगला बसतो. बाटलीवर कितीही महागडे नाव असले तरी आत नसलेले ऑइल काय वाचवणार?

पातळी पाहण्यातही एक गंमत आहे. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो. त्या उतारावर, साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीची ऑइल मोजायची काडी पाहून लोक निष्कर्ष काढतात. जमीन सपाट हवी, गाडी सरळ उभी हवी, इंजिन काही मिनिटे चालवून बंद केल्यावर ऑइल खाली उतरायला थोडा वेळ द्यायला हवा. काडी आटे फिरवून पाहायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि त्या फरकाने मोजमाप बरेच चुकते. डबल स्टँड नसेल तर दुसऱ्या माणसाला गाडी धरायला सांगावे. भीतीपोटी जास्त भरणेही तितकेच वाईट, कारण मग क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, ऑइल घुसळतो, त्याला फेस येतो आणि ब्रीदर या इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून ते एअर फिल्टरच्या पेटीत जाते. अशी माखलेली पेटी पाहून पिस्टनच्या रिंगा गेल्या असे ठरवले गेल्याची आणि चांगले इंजिन नाहक खोलले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

कोणते ऑइल, याबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. एकदा घरात मोटारीच्या ऑइलची अर्धी बाटली उरली होती. ग्रेड, म्हणजे बाटलीवरचा जाडपणाचा आकडा, तोच होता, म्हणून मी ती गाडीत रिकामी केली. कसारा घाटात ट्रकला ओलांडायला रेस दिली, तर इंजिन ओरडले आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली, कारण क्लच घसरत होता. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल असते आणि क्लचच्या प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. मोटारीच्या अनेक ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लचचे सगळे काम घर्षणावरच चालते. याचसाठी जपानी उत्पादकांनी 1998 मध्ये जासो (जपानी वाहनांची मानके ठरवणारी संस्था) टी 903 हे ऑइलचे मानक आणले. त्यातले एमए, एमए1 आणि एमए2 हे ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी आहेत, तर कमी घर्षणाचे एमबी हे ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी आहे. बाटलीच्या मागची ही अक्षरे पुढच्या चकचकीत चित्रापेक्षा महत्त्वाची आहेत.

ग्रेड 10डब्ल्यू-40 असा लिहितात. त्यातला डब्ल्यू हा हिवाळ्याचा (विंटर). थंडीत इंजिन फिरेल का हे पाहणाऱ्या क्रँकिंगच्या चाचणीत 10डब्ल्यू ऑइल उणे 25 अंशांवर तपासतात आणि 20डब्ल्यू उणे 15 वर. आपली थंडी म्हणजे येऊरला पहाटे अंगावर शाल घ्यावी इतकीच, त्यामुळे ठाण्यात या पहिल्या आकड्याने फारसे बिघडत नाही. मात्र लेहला रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या गाडीला सकाळी तो नक्की जाणवतो. दुसरा आकडा आपल्या कामाचा, कारण तो 100 अंशांवरचा जाडपणा सांगतो. गिअरचे दात ऑइलमधल्या लांब साखळीच्या रेणूंना सतत चिरडत असतात, आणि त्यामुळे बाटलीतले 40 काही हजार किलोमीटरनंतर प्रत्यक्षात 30 च्या घरात उतरू शकते. याची पहिली खबर पायाला लागते, कारण गिअर अडखळत पडू लागतो आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. जुन्या गाडीत एक पायरी जाड ऑइल घाला, असा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो. पुस्तिकेत तो ग्रेड दिलेला असेल तर उन्हाळ्यात जरूर घालावा. पण त्याने झिजलेल्या रिंगा भरून येत नाहीत. फक्त ऑइल खाण्याचे प्रमाण थोडे उतरते आणि दुखणे झाकले जाते.

इंजिन गरम असताना ऑइल काढावे आणि ते खुणा केलेल्या भांड्यात धरावे. घातले किती, मध्ये वर भरले किती आणि निघाले किती, या तीन आकड्यांत इंजिनाची प्रकृती कळते. काळा रंग पाहून घाबरू नये, कारण काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. ड्रेन बोल्टच्या, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टच्या, चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे, पण नखात धरता येईल असा लोखंडी कपचा निघाला तर गाडी पुढे चालवू नये. चुंबकाला न चिकटणारी पांढरी चमक ॲल्युमिनियमची, पिवळसर चमक पितळी बुशची असण्याचा संभव जास्त, आणि काळे तंतुमय कण बहुधा क्लच प्लेटचे असतात. जुलैत झाकणाच्या आत साय जमलेली दिसली तर ती बहुतेक वेळा वाशी ते तुर्भे अशा छोट्या फेऱ्यांची खूण असते, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि आत धरलेली वाफ उडून जात नाही. अर्धा-पाऊण तास सलग चालवली की ती जाते. पण सगळेच ऑइल दुधाळ चहासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि साचलेल्या पाण्यातून गाडी काढलेली असेल तर ऑइल तपासण्याआधी स्टार्टरला हातही लावू नये.

धुराचीही एक भाषा असते. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर मारला आणि मग ती शांत झाली, किंवा घाट उतरून पुन्हा रेस देताना धूर आला, तर संशय व्हॉल्व्हच्या सिलांवर घ्यावा. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) पाहावे. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की 1,000 किलोमीटरला 100 मिलिलिटरपर्यंत जात असेल तर मी फक्त बाटली सोबत ठेवतो, 300 च्या आसपास गेले की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घेतो, आणि 500 च्या पुढे गेले की इंजिन कामाला काढतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट, हिच्या आवाजाचे मात्र उलटे आहे. वाजणारा टॅपेट परवडला, पण जुन्या गाडीचे हेड अचानक फार शांत झाले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टाइट झाल्याची शक्यता असते आणि तो हळूहळू जळतो. चेन, कोन सेट (हँडलचे बेअरिंग) आणि दर दोन वर्षांनी ब्रेकचे ऑइल या गोष्टी तुम्ही करतच असाल, म्हणून त्यांत वेळ घालवत नाही.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारले की लाखभर किलोमीटरनंतर इंजिन फ्लश, म्हणजे आतून द्रव्य घालून धुऊन साफ, करावे का. मी ते करत नाही. वर्षानुवर्षे चिकटलेला गाळ एकदम सुटला तर तो पंपाच्या जाळीत किंवा ऑइलच्या बारीक वाटांत अडकू शकतो. त्याऐवजी योग्य ग्रेडचे साधे ऑइल आणि नवा फिल्टर घालून 500 किलोमीटर गाडी चालवावी, ते काढून पुन्हा नवे भरावे आणि ड्रेन बोल्टची चकती (वॉशर) दोन्ही वेळा बदलावी. ही चकती काही रुपयांना मिळते. जुनीच चकती आवळून आवळून केसिंगचे आटे मारलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. काढलेले ऑइल गटारात ओतू नका, कारण आपली गटारे शेवटी खाडीतच जातात. ते बंद डब्यात भरून जुने ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या, पण त्याआधी किती निघाले ते वहीत लिहून ठेवा.