जुन्या घड्याळातला पैसा नेमका कुठे असतो?

मंडळी, जुनं भारी घड्याळ गुंतवणूक म्हणून घेताना ते चालतं का, हा पहिला प्रश्न नसतो. बंद पडलेलं मशीन चांगला कारागीर चालू करतो. पुन्हा रंगवलेली डायल मात्र कोणीच मूळपदावर आणू शकत नाही, आणि पैसा तिथेच असतो.

1963 साली आलेलं रोलेक्स डेटोना, मॉडेल 6239 घ्या. साध्या डायलच्या मानाने, हॉलिवूड अभिनेत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘पॉल न्यूमन’ डायलला कित्येक पट भाव मिळतो. मशीन तेच, व्हाल्जू 72 या स्विस मशीनवर बेतलेलं, चावीचं. फरक एवढाच की आतल्या छोट्या तबकड्यांवरच्या रेघांच्या टोकाला बारीक चौकोन असतात, आणि सेकंदाच्या तबकडीवर 20-40-60 ऐवजी 15-30-45-60 असे आकडे असतात. खुद्द न्यूमन यांचं घड्याळ 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. त्यात मोठा वाटा मालकाच्या नावाचा होता, त्यावरून इतर घड्याळांचा हिशेब मांडू नका.

इतका पैसा डायलवर म्हटल्यावर बनावट डायल निघणारच. दहापट भिंग आणि अतिनील टॉर्च जवळ ठेवा. 6 च्या खाली ‘टी स्विस टी’ छापलं असेल तर चमकणाऱ्या लेपात ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे 1970 च्या आसपासचा लेप आता अंधारात दिसायला नको. टॉर्चखाली तो उजळतो आणि टॉर्च बंद होताच विझतो. मिनिटभर चमकत राहिला तर लेप नवा आहे. त्याआधीच्या रेडियमच्या डायल खरवडू नका. चमक गेली तरी किरणोत्सार शेकडो वर्षं टिकतो.

रंगवलेल्या डायलचा धंदा आपल्या मुंबईचाच. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांची अक्षरं जाड, कडा फुटलेल्या, रंग कंपनीने कधी न काढलेले, आणि मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत.

केसचं, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचंही तेच. पट्टा ज्यात अडकतो ते चारही लग सारख्याच जाडीचे आणि कडा धारदार हव्यात. बफिंगने घासलेला धातू परत येत नाही. म्हणून सर्व्हिसिंगला देताना पावतीवरच लिहून घ्या: पॉलिश नको, डायल-काटे बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक भाग परत हवा. आणि पावसाळ्यात असं घड्याळ हातात घालू नका. जुनी रबरी सीलं कडक झालेली असतात, ओल शिरली की डायलवर डाग पडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

लिलावात घेतलंत तर बोलीवर साधारण चौथा हिस्सा जास्त भरावा लागतो, विकताना दलाली वेगळी. तेवढा भाव वाढल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही.

पाटेक फिलिप ही स्विस घड्याळ कंपनी आपल्या जुन्या नोंदींचा उतारा देते, त्यात घड्याळ कधी बनलं आणि कधी विकलं गेलं ते कळतं. पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडायला लावा आणि मशीनचा व केसचा, दोन्ही क्रमांक त्या उताऱ्याशी ताडून पाहा.