सेडान कोणाला म्हणायचे? ट्रान्स-अ‍ॅम शर्यतमालिकेची पहिली सात वर्षे

श्रोतेहो,

आपल्याकडे सेडान म्हटले की चार दारांची, मागे स्वतंत्र डिकी असलेली, कुटुंबाने बसून गावाला जावे अशी गाडी डोळ्यांसमोर येते. आज मी ज्या अमेरिकी शर्यतमालिकेविषयी बोलणार आहे, तिच्या मूळ नावातच सेडान हा शब्द होता. मात्र तिच्यात गाजलेल्या बहुतेक गाड्यांना दोनच दारे होती आणि पोर्शे ९११ सारखी गाडीही तिच्यात सेडान म्हणून धावली, जिंकली. हे कसे घडले, याचे उत्तर नियमपुस्तकात आहे, आणि माझ्या मते या मालिकेचा सगळा इतिहास त्या पुस्तकाच्या पानांतूनच उलगडत जातो.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. १९६६ साली, जॉन बिशप तिचे कार्यकारी प्रमुख असताना, तिने ‘ट्रान्स-अमेरिकन सेडान चॅम्पियनशिप’, म्हणजेच ट्रान्स-अ‍ॅम, सुरू केली. आंतरराष्ट्रीय नियमांतील पर्यटन मोटारींचा गट तिने आधाराला घेतला. गाडीला चार आसने हवीत आणि तशा गाड्या ठरलेल्या किमान संख्येने कारखान्यातून बाहेर पडलेल्या हव्यात, या त्यातील मुख्य अटी होत्या. दारे किती असावीत, याचा प्रश्नच नव्हता. फोर्ड मस्टँगला मागे दोन आसने होती, पोर्शे ९११ लाही लहानशी का होईना, मागची आसने होतीच. इंजिनाच्या आकारानुसार दोन लिटरपर्यंतचा एक आणि पाच लिटरपर्यंतचा दुसरा असे दोन वर्ग केले गेले. दोन्ही वर्ग एकाच वेळी, एकाच रस्त्यावर धावत. अंडाकृती, उतरत्या काठाच्या ट्रॅकवर गरागरा फिरण्याची ही शर्यत नव्हती. डावी-उजवी वळणे, चढ-उतार, ब्रेकची कसोटी आणि काही तासांचे अंतर, असा तिचा कस होता.

पहिली शर्यत २५ मार्च १९६६ रोजी फ्लोरिडातील सेब्रिंगला झाली. ती चार तासांची होती. अमेरिकेची मोठी, आठ सिलिंडरांची व्ही-८ इंजिने एकीकडे आणि इटलीची १.६ लिटरची अल्फा रोमिओ जीटीए दुसरीकडे, अशा त्या शर्यतीत योखेन रिंट अल्फा घेऊन सर्वांत पुढे आला. हलकी गाडी, कमी इंधन, टिकणारे ब्रेक आणि विलक्षण चालक यांचा तो विजय होता. वर्षअखेरीस मोठ्या वर्गाचे अजिंक्यपद फोर्डने आणि लहान वर्गाचे अल्फाने घेतले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे अजिंक्यपद चालकाला मिळत नसे, ते कारखान्याला मिळे. चालक कितीही थोर असला, तरी गुण त्याच्या नव्हे, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यात जमा होत. डेट्रॉइट या मोटारनगरीतील कंपन्यांनी या मालिकेत पैसा ओतला तो त्यामुळेच. १९६७ मध्ये तर फोर्ड आणि तिच्याच कुटुंबातील मर्क्युरी यांच्यात चुरस लागली आणि अवघ्या दोन गुणांनी फोर्डने बाजी मारली.

त्याच वर्षी शेव्हरोलेची कॅमेरो झेड-२८ अवतरली, आणि नियमपुस्तक कारखान्यात कसे शिरते याचे तिच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. पाच लिटर म्हणजे सुमारे ३०५ घनइंच. शेव्हरोलेकडे २८३ घनइंचांचे इंजिन होते, ते मर्यादेच्या बरेच खाली राही. ३२७ घनइंचांचे होते, ते मर्यादा ओलांडी. अभियंत्यांनी ३२७ च्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात, २८३ चा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची हालचाल ठरवणारा फिरता दांडा, बसवला. सिलिंडरचा व्यास चार इंच, पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली जाण्याचे अंतर) तीन इंच, सिलिंडर आठ. गुणाकार केला की ३०२ घनइंच येतात. तोकडा स्ट्रोक आणि रुंद सिलिंडर यांमुळे हे इंजिन मिनिटाला खूप फेरे घेत मोकळेपणाने फिरे. रस्त्यावर चालवणाऱ्या सामान्य ग्राहकाने असे इंजिन कधी मागितले नसते, कारण कमी वेगात ते मरगळलेले वाटे. तरीही पहिल्या वर्षी अशा ६०२ गाड्या विकल्या गेल्या. शर्यतीच्या एका कलमासाठी एक गाडी जन्माला आली होती. फोर्डने पुढे १९६९ मध्ये बॉस ३०२ ही मस्टँग आणली, तीही त्याच कलमाची लेक.

कॅमेरो घेऊन उतरलेला रॉजर पेन्स्की यांचा संघ आणि मार्क डोनह्यू हा चालक या जोडीवर मला थोडे थांबावेसे वाटते. डोनह्यू यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर होता आणि गाडीकडे गणितासारखा पाहत असे. १९६८ मध्ये त्याने तेरापैकी दहा शर्यती जिंकल्या. या संघाची कल्पकता नियमाच्या प्रत्येक रिकाम्या जागेत शिरे. गाडीचे सांगाडे आम्लात बुडवून पत्रा पातळ केला जाई, म्हणजे वजन घटे. १९६९ च्या त्यांच्या कॅमेरोच्या छतावर व्हायनिलचे आच्छादन दिसते. पातळ झालेल्या पत्र्याच्या सुरकुत्या झाकण्यासाठी ते होते, असे सांगितले जाते. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या मध्येच गाडी थांबवण्याच्या जागी, इंधन भरताना वेळ वाचावा म्हणून त्यांनी इंधनाचे पिंप उंच मनोऱ्यावर चढवले, कारण उंचीमुळे प्रवाहाचा जोर वाढतो. मग संस्थेला त्या उंचीवरच मर्यादा घालावी लागली. कोणी याला लबाडी म्हणेल. मला मात्र त्यात नियम शब्दशः, अगदी मन लावून वाचणाऱ्या माणसांची मेहनत दिसते.

१९७० हे वर्ष या मालिकेचे शिखर होते. बड मूर यांच्या संघाच्या दोन मस्टँग पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर चालवत होते. पेन्स्की आणि डोनह्यू अमेरिकन मोटर्सच्या जॅव्हेलिनकडे गेले होते. जिम हॉल यांच्याकडे कॅमेरो, डॅन गर्नी यांच्या संघाकडे प्लिमथ बॅराकुडा, सॅम पोझीकडे डॉज चॅलेंजर. अमेरिकेतील चारही मोटार कंपन्या एकाच वेळी एकाच वळणावर आल्या होत्या. अकरा शर्यतींपैकी पाच जोन्सने, एक फॉल्मरने आणि तीन डोनह्यूने जिंकल्या. रिव्हरसाइडच्या अखेरच्या शर्यतीत जोन्सच्या गाडीला धक्का बसून ती मागे फेकली गेली, तरी त्याने एकेकाला गाठत ती शर्यत जिंकली. अजिंक्यपद फोर्डकडे गेले.

याच वर्षाने चालक जेरी टायटस यांना नेले. ते एका मोटारविषयक मासिकाचे संपादक होते, १९६६ आणि १९६७ मध्ये फोर्डच्या यशात त्यांचा मोठा वाटा होता, आणि नंतर त्यांनी पॉन्टिअ‍ॅक फायरबर्ड हाती घेतली. त्या गाडीला शेव्हरोलेचे ३०२ इंजिन लावता आले, कारण कॅनडात पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्या शेव्हरोलेच्या इंजिनासह विकल्या जात. पुन्हा एकदा नियमपुस्तकाचे बारीक वाचन. विस्कॉन्सिनमधील रोड अमेरिका येथे सरावात त्यांची गाडी आदळली आणि ऑगस्ट १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. मालिकेचे नाव रस्त्यावरच्या ज्या गाडीने जगभर पोहोचवले, ती पॉन्टिअ‍ॅक ‘ट्रान्स अ‍ॅम’च होती. या नावासाठी कंपनी दर गाडीमागे पाच डॉलर संस्थेला देत असे. मैदानात त्या नावाची लढाई लढणाऱ्या माणसाची आठवण मात्र फार थोडे जण काढतात, म्हणून मी ती येथे मुद्दाम काढली.

त्यानंतर कंपन्या निघून गेल्या. प्रदूषणाचे कायदे कडक झाले, जोरकस गाड्यांचा विमा महागला आणि शर्यतीच्या खर्चाचे समर्थन करणे संचालकांना जड जाऊ लागले. १९७१ मध्ये कारखान्याच्या पूर्ण पाठबळाने अमेरिकन मोटर्सच उरली. डोनह्यूने सात शर्यती जिंकून तिला अजिंक्यपद मिळवून दिले. त्या काळात लहान वर्गातच खरी रंगत होती. त्याची मर्यादा आता अडीच लिटर झाली होती आणि पीटर ब्रॉक यांच्या संघाची डॅटसन ५१०, म्हणजे जपानची साधी, चौकोनी, खरोखरची सेडान, जॉन मॉर्टन चालवत होता. अखेरच्या शर्यतीत अल्फाच्या एका गाडीत नियमापेक्षा अधिक इंधन मावत असल्याचे आढळले, ती बाद झाली आणि अजिंक्यपद डॅटसनला मिळाले. पुढच्या वर्षीही ते तिच्याकडेच राहिले.

१९७२ मध्ये प्रथमच चालकालाही अजिंक्यपद दिले गेले. ते फॉल्मरने जॅव्हेलिनमध्ये मिळवले. १९७३ पासून नियम बदलले, पोर्शे कॅरेरासारख्या गाड्या आल्या, आणि पुढे नळ्यांच्या सांगाड्यावर कारखान्याच्या गाडीचा केवळ चेहरा चढवण्याची पद्धत रुळली. १९८८ मध्ये चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ऑडीने हर्ली हेवूडला अजिंक्यपद मिळवून दिले आणि लगेच ती रचना नियमबाह्य ठरली. टॉमी केंडलने १९९७ मध्ये ओळीने अकरा शर्यती जिंकल्या. हे पराक्रम मोठे आहेत, पण त्या गाड्या दुकानात मिळत नव्हत्या.

पहिल्या सात वर्षांतील अनेक मूळ गाड्या मात्र आज पुन्हा शोधून, दुरुस्त करून कॅलिफोर्नियातील लगुना सेका येथे ऐतिहासिक शर्यतींत धावतात. हुबेहूब नक्कल चालत नाही. त्या काळी ती गाडी खरोखर या मालिकेत धावली होती, हे मालकाला सांगाड्याचा क्रमांक, जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे यांनिशी दाखवावे लागते, आणि मगच पिटचे फाटक उघडते.