तीन तेले, एक आसन

(दृश्य: कॅथेड्रलची सॅक्रिस्टी, म्हणजे उपासनेचे साहित्य ठेवण्याची खोली. टेबलावर तीन मोठी भांडी, मागे छोट्या रिकाम्या बाटल्यांच्या रांगा.)

पुनरुत्थान सणाआधीच्या पवित्र गुरुवारची सकाळ. पवित्र तेलांच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, अजून दोन तास आहेत आणि या खोलीची व्यवस्था पाहणारा सॅक्रिस्टन एकेका भांड्याचे झाकण उघडून पाहत आहे.

'कॅथेड्रा' म्हणजे बिशपांचे, धर्मप्रांताच्या प्रमुखांचे, आसन. ते ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल, मग इमारत केवढीही असो. या आसनाचे धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मग्रामाशी, म्हणजे स्थानिक चर्चशी, असलेले नाते आज डोळ्यांना दिसणार आहे. वर्षभराची पवित्र तेले आज इथे तयार होतात आणि इथूनच सगळीकडे जातात. धर्मगुरूंना संध्याकाळी आपापल्या ठिकाणी प्रभुभोजनाची मिस्सा असते. म्हणून अंतरे मोठी असतील तिथे सकाळची ही तेलांची मिस्सा पुनरुत्थान सणाआधीच्या दुसऱ्या एखाद्या जवळच्या दिवशी ठेवता येते.

तेले तीन: रुग्णांचे, दीक्षार्थींचे (बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचे) आणि क्रिझम, म्हणजे अभिषेकाचे सुगंधी तेल. पहिल्या दोहोंचा रंग एक, वासही एक. बाटलीत भरल्यावर कोणते कोणते हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून नाव आधी लिहायचे आणि भांड्याच्या अंगावर लिहायचे. झाकणावर लिहिले की झाकणांची अदलाबदल होते, आणि चूक वर्षभर कळत नाही.

आता हिशेब. समजा धर्मग्राम 60 आहेत. प्रत्येकाला तिन्ही तेलांची 60 मिलिलिटरची एकेक बाटली द्यायची, तर बाटल्या 180 आणि तेल जवळजवळ 11 लिटर. क्रिझम मात्र याहून जास्त धरावे. बाप्तिस्म्यानंतर ते टाळूवर लावतात, दृढीकरणात (बाप्तिस्मा दृढ करणाऱ्या संस्कारात) कपाळावर, गुरुदीक्षेत नव्या धर्मगुरूच्या तळहातांवर. नव्या वेदीच्या अभिषेकात तर ते सगळ्या वेदीपृष्ठावर पसरतात. ती एक वेदी हिशेबात धरायची राहिली, की क्रिझम कमी पडते.

रुग्णांचे तेल संपले तर निकडीच्या वेळी धर्मगुरू रुग्णाला तेल लावण्याच्या संस्कारातच नवे तेल आशीर्वादित करू शकतो. क्रिझमला ही सोय नाही. ते बिशपच पवित्र करतात. दृढीकरण धर्मगुरूने दिले तरी क्रिझम बिशपांनी पवित्र केलेलेच लागते. बिशप स्वतः पोहोचू शकत नाहीत तिथे त्यांची प्रार्थना या बाटलीतून पोहोचलेली असते.

मूळ तेल परंपरेने ऑलिव्हचे. ते मिळत नसेल तिथे दुसरे वनस्पतिजन्य तेल चालते. रुग्णांच्या तेलासाठी पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये तशी मुभा दिली. क्रिझममध्ये बलसाम किंवा दुसरे सुगंधी द्रव्य घालतात. राळेसारखे दाट बलसाम थंड तेलात मिसळत नाही, तळाशी बसते. ते आधी थोड्या कोमट तेलात घोटून ठेवलेले बरे.

(दृश्य: पांढऱ्या झग्यांतील धर्मगुरूंची मिरवणूक.)

शुभवर्तमान लूकच्या चौथ्या अध्यायातले: नाझरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी वाचतो. प्रवचनानंतर धर्मगुरू दीक्षेच्या दिवशी दिलेली वचने पुन्हा देतात. मग बिशप लोकांना धर्मगुरूंसाठी प्रार्थना करायला सांगतात, आणि स्वतःसाठीही मागतात.

भांडी वेदीकडे येतात, क्रिझमचे तेल सर्वांत शेवटी. बिशप सुगंधी द्रव्य ओततात, ढवळतात आणि भांड्याच्या तोंडावर फुंकर घालतात. या वेळी गायकवृंदाने गप्प राहावे. ही फुंकर पवित्र आत्म्याचे चिन्ह आहे आणि ती शांततेतच कळते. अभिषेकाच्या प्रार्थनेच्या उत्तरार्धात सगळे धर्मगुरू उजवा हात पुढे धरतात, एक शब्दही न बोलता.

मिस्सेनंतर बाटल्या भरायला घेतात. तेल खवट होण्याची कारणे साधी आहेत: हवा, उजेड आणि उष्णता. बाटली गळ्यापर्यंत भरावी, झाकण घट्ट असावे, आणि ती उन्हात तापणाऱ्या गाडीत विसरू नये. जुन्या बाटलीत तेलाचा थर असताना वरून नवे ओतले, तर नवेही लवकर बिघडते. बाटली गरम पाण्याने व साबणाने धुवावी, आतून पूर्ण कोरडी करावी. धर्मगुरूच्या खिशातल्या तेलाच्या लहान डबीतला कापूस वर्षानुवर्षे तोच ठेवण्याची सवय वाईट. रुग्णाच्या कपाळाला आणि हातांना स्पर्श करणारे तेल ताजे असावे, एवढा त्याचा मान राखलाच पाहिजे.

उरलेले जुने तेल मोरीत ओतत नाहीत. ते कापसात टिपून जाळतात किंवा पवित्र मंजुषेपुढच्या (पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीपुढच्या) दिव्यात घालतात.

(दृश्य: संध्याकाळ. एका धर्मग्रामातले चर्च.)

तीन बाटल्या मिरवणुकीने आत येतात आणि तेलांच्या कपाटात ठेवल्या जातात. कपाटाला कुलूप लागते. शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या जागरणात, बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी क्रिझमची बाटली उघडेल.