लाइन क्लिअर : विजेच्या दोन जगांची जोडणी

[दृश्य : मुसळधार पाऊस. जांबोटी–कणकुंबी रस्ता. झाडीतून जाणारी 11 केव्हीची लाइन.]

बेळगाव जिल्ह्यात खानापूर सोडून जांबोटीच्या पुढं गेलं की विजेची लाइन जंगलात शिरते. आषाढात इथं पाऊस लागला की दिवसरात्र उघडत नाही. एखादी फांदी तारेवर पडते, सबस्टेशनातला ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, ट्रिप होतो, आणि वाड्यावस्त्यांवर काळोख पसरतो. 'करंट गेला' म्हणत माणसं मोबाइल काढतात आणि ओळखीच्या लाइनमनला फोन लावतात.

त्या वेळी वीज कंपनीला खरं तर बरंच काही माहीत असतं. फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाइन, किती वाजता गेला, कुठल्या फेजवर दोष आला, किती अँपिअर वाहिले, हे सबस्टेशनातल्या रिलेनं, म्हणजे दोष ओळखून ब्रेकरला तोडायला लावणाऱ्या यंत्रानं, टिपलेलं असतं. त्या फीडरवर कोणती गावं आहेत, टीसी, म्हणजे गावातले ट्रान्सफॉर्मर, किती, दवाखाना कुठं, नळपाणी योजनेची मोटर कुठली, हे ऑफिसातल्या संगणकात असतं. पण या दोघांची आपसात बोलचाल नसेल, तर दोघांच्या मध्ये उरतो तो भिजत उभा असलेला लाइनमन.

[दृश्य : सबस्टेशनचं यार्ड. मग बिल भरण्याच्या खिडकीवरची रांग.]

ब्रेकर, रिले आणि दूरवरून त्यांच्यावर नजर ठेवणारी स्काडा यंत्रणा, हे झालं ओटी, म्हणजे ऑपरेशनल टेक्नॉलॉजीचं जग. बिलं, ग्राहकांची नोंद, लाइनींचा नकाशा, 1912 वर येणाऱ्या तक्रारी, हे आयटीचं.

दोन्हीकडं संगणकच आहेत, पण स्वभाव वेगळे. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. नव्या सबस्टेशनांत एका रिलेनं दुसऱ्याला दिलेला 'तोड' हा निरोप तीन-चार मिलिसेकंदांत पोचावा लागतो. उशीर झाला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, माणूसही जाऊ शकतो. बिल एक दिवस उशिरा निघालं तर तसं काही होत नाही. ऑफिसातला संगणक चार-पाच वर्षांत बदलतात, रिले पंधरा-वीस वर्षं काढतो. ऑफिसात रात्री अपडेट टाकून मशीन पुन्हा चालू करता येतं. भरल्या लाइनीवरच्या रिलेला 'जरा बंद होऊन ये' असं कोण सांगणार? म्हणून दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांकडं संशयानं बघतात, आणि त्या संशयात तथ्य आहे.

या जिल्ह्याला वीज नवी नाही. गोकाकच्या धबधब्यावर सूतगिरणीसाठी फार पूर्वीच वीज तयार होऊ लागली. हुक्केरीत 1969 साली स्थापन झालेली ग्रामीण वीज सहकारी संस्था आजही तालुक्यात वीज वाटते. बाकी जिल्हा 2002 पासून हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीकडं आहे, जुनी माणसं मात्र कर्नाटकच्या जुन्या वीज मंडळाच्या नावानं अजून केईबीच म्हणतात.

बदललं ते विजेचं वाहणं. पूर्वी ती वरून खाली यायची: मोठं केंद्र, सबस्टेशन, टीसी, घर. आता गळीत हंगामात साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करून ग्रीडमध्ये सोडतात. सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, बेळगावच्या गच्च्यांवर सोलर आहे. उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टी भरलेली असताना वीज गेली, तर आतला रस थिजतो आणि पाळीची पाळी वाया जाते. ही सगळी ये-जा नुसत्या लॉगशीटवर सांभाळायचे दिवस सरले.

[दृश्य : घराच्या भिंतीवरचा स्मार्ट मीटर.]

स्मार्ट मीटरमध्ये एक छोटी सोय असते. वीज गेली की आत साठलेल्या इवल्याशा चार्जवर तो शेवटचा निरोप पाठवतो, 'माझ्याकडची गेली'. एका टीसीखालच्या सगळ्या मीटरांचे निरोप एकदम आले तर दोष टीसीवर, एकाच घराचा आला तर त्या घराच्या सर्व्हिस वायरवर. तक्रार येण्याआधीच माणूस नेमक्या खांबाकडं निघू शकतो. पण त्यासाठी मीटरचा निरोप, लाइनींचा नकाशा आणि ब्रेकरची स्थिती एकाच पडद्यावर यायला हवी. जोडणी हवी ती याचसाठी.

[दृश्य : अंधार. नियंत्रण कक्षातला पडदा, सरकणारा कर्सर.]

आता दुसरी बाजू. 23 डिसेंबर 2015. युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्या. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला, म्हणजे वीज तुटत गेली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. हल्लेखोर शिरले होते ते सबस्टेशनातून नाही, ऑफिसातल्या ईमेलमधून. कुणीतरी साधी वाटणारी फाइल उघडली, पासवर्ड चोरीला गेले, आणि काही महिन्यांनी त्याच पासवर्डांनी स्काडाचं दार उघडलं. तक्रारीच्या फोनलाइनीसुद्धा खोट्या कॉलनी भरून टाकल्या होत्या.

वीज काही तासांत परत आली, कारण माणसं गाड्या काढून सबस्टेशनांत गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर लावले. त्यांना ते काम येत होतं. आपल्याकडं यंत्रणा बसवताना 'आता ऑपरेटरची गरज काय?' असं विचारलं जातं. ज्या स्टेशनात हातानं ब्रेकर लावणारं कुणी उरलं नाही, तिथं तशा रात्री काय करायचं, याचं उत्तर आधी द्यावं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं 2021 साली वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा रोख स्पष्ट आहे: इंटरनेटला लागलेल्या आयटीपासून ओटी कडकपणे वेगळी ठेवा. मग जोडणी कशी करायची? माहिती बाहेर येऊ द्या, हुकूम आत जाऊ देऊ नका. ब्रेकर उघडा आहे, हे बिलिंगच्या संगणकाला कळावं. तो लावायची ताकद त्याच्या हाती असू नये.

[दृश्य : सबस्टेशनातलं टेबल. लाइन क्लिअरचं रजिस्टर. ऑपरेटरचा हात.]

या सगळ्याची खरी परीक्षा मला या रजिस्टरवर दिसते. खांबावर चढण्याआधी लाइनमन सबस्टेशनकडं लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद करून कामाची परवानगी, मागतो. ऑपरेटर ब्रेकर उघडतो, लाइन वेगळी करणारा आयसोलेटर उघडतो, लाइन अर्थ करतो, म्हणजे जमिनीला जोडतो, आणि हँडलला पाटी अडकवतो, 'माणसं काम करत आहेत'. नाव, वेळ, नंबर रजिस्टरात चढतो. लाइनमन जागेवर तारेतला उरलासुरला करंट जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावून खात्री करतो, दोन्ही बाजूंना अर्थिंग करतो, मगच तारेला हात घालतो. काम संपल्यावर ज्यानं लाइन क्लिअर घेतला त्यानंच तो परत करायचा. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर लाइन चार्ज करायची नाही.

उद्या तोच ब्रेकर दूरच्या शहरातून माउसनं लावता येणार असेल, तर ती पाटी त्या पडद्यावरही लागायला हवी, आणि ती असेपर्यंत 'लावा'चं बटण चालताच कामा नये.

आणखी एक गोष्ट आज खांबावरच्या माणसाला ठाऊक नसते. लाइन बंद असताना एखाद्या गिरणीत किंवा मंगल कार्यालयात जनरेटर सुरू होतो. लाइन आणि जनरेटर यांतलं एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नीट नसेल तर तो करंट उलटा टीसीत शिरतो आणि वर 11 केव्ही होऊन तारेवर येतो. ब्रेकर उघडा, पाटी लागलेली, तरी तार जिवंत. जनरेटरची परवानगी कुणी घेतली, सोलर कुणाच्या गच्चीवर आहे, याची नोंद ऑफिसात असते. लाइन क्लिअर देताना ती यादी ऑपरेटरच्या समोर आणि लाइनमनच्या मोबाइलवर आपोआप आली पाहिजे. दोन जगं जोडायला निघालेल्यांनी पहिलं काम हे करावं. बिलं आणि अहवाल त्यानंतर.